प्रार्थनामंदिर बंद करताना मंडळीचे मार्गदर्शन : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासलेखनाला आरंभाची ओढ अधिक आहे. पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, पहिली शाळा कोणत्या वाड्यात भरली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, यांच्या नोंदी मिशनच्या अहवालांतून तपशिलाने सापडतात. एखाद्या गावातील शेवटची उपासना कोणत्या रविवारी झाली, त्या दिवशी किती माणसे हजर होती, घंटा, गीतपुस्तके आणि बाप्तिस्म्याची नोंदवही त्यानंतर कोठे गेली, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्या विरळ समाजात एखादे प्रार्थनामंदिर बंद होते तेव्हा त्याची वार्ता वर्तमानपत्रात येत नाही. शेजारच्या गल्लीतही ती काही महिन्यांनी पोचते. ज्या दहा-पंधरा कुटुंबांची ती मंडळी होती, त्यांच्या दृष्टीने मात्र तीन-चार पिढ्यांचा एकत्र येण्याचा ठिकाणा नाहीसा झालेला असतो.

अशा प्रसंगी मंडळीला मार्गदर्शन कोणी करावयाचे, कशाच्या आधारे करावयाचे आणि त्यात कोणत्या गोष्टी निसटतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वरवर पाहता पाळकीय वाटतो. परंतु इतिहास, समाजशास्त्र आणि विधी या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांना त्यात रस वाटावा असे बरेच काही आहे.

प्रथम शब्दांविषयी. इंग्रजीतील ‘चर्च’ या शब्दाने वास्तू, माणसे आणि संस्था या तिन्हींचा बोध होतो. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी माणसांसाठी ‘मंडळी’ हा शब्द वापरला आणि वास्तूला देऊळ, प्रार्थनामंदिर किंवा चर्च अशी निराळी नावे राहिली. घरच्या माणसांना आपण ज्या शब्दाने संबोधतो तोच शब्द येथे उपासकांच्या समूहाला मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. चर्च बंद झाले, असे आपण बोलतो तेव्हा वास्तू बंद झाली की मंडळी विसर्जित झाली, हा प्रश्न मराठीत तरी स्पष्टपणे विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे. वास्तू गेली तरी मंडळी दुसरीकडे भरू शकते. उलट, वास्तू रंगरंगोटी करून उभी असते आणि मंडळी केव्हाच पांगलेली असते, असेही घडते.

दोन जिल्हे, दोन शासनपद्धती

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे असले तरी त्यांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांची कुळी एक नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले, आणि सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर १८४९ मध्ये सातारा येथे केंद्र उघडले. पुढे वाई हेही या मिशनच्या कामाचे ठिकाण झाले. ही परंपरा काँग्रिगेशनल पंथाची. त्यात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःच्या कारभारापुरती स्वायत्त मानली जाते.

सांगलीकडील परंपरा कोल्हापूरमार्गे आली. रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. हे कामही आरंभी त्याच अमेरिकन बोर्डाचे होते. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये पाहणीसाठी भारतात आले. मिशनने शाळांवर किती शक्ती खर्च करावी, यावरून पुढे वाइल्डर आणि बोर्ड यांच्यात तीव्र मतभेद झाले. १८६० च्या सुमारास बोर्डाने वाइल्डर यांच्याशी असलेला संबंध तोडला आणि कोल्हापूरचे केंद्र चालू न ठेवण्याचे ठरविले. वाइल्डर १८६१ मध्ये स्वतंत्रपणे परत आले, त्यांनी सुमारे दहा वर्षे ते काम एकट्याच्या जबाबदारीवर चालविले आणि १८७० च्या सुमारास ते अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन केले. याच मिशनने १८८४ मध्ये सांगलीत केंद्र उघडले. १८८९ मध्ये आलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू केले. सांगली-मिरजेच्या मंडळ्यांचा वंशवृक्ष अशा रीतीने एका न पाळल्या गेलेल्या ‘बंद’च्या निर्णयापर्यंत जाऊन भिडतो. बोस्टनमध्ये बसलेल्या समितीचा निर्णय कोल्हापुरात टिकला नाही. या भागातील मंडळ्यांना वरून आलेल्या आदेशाविषयी जो सावधपणा वाटतो, त्याला इतका जुना इतिहास आहे.

प्रेसबिटेरियन पद्धतीत मंडळीवर वडिलांची सभा असते, त्या सभेवर प्रेसबिटरी असते, आणि मंडळी स्थापन किंवा विसर्जित करण्याचा अधिकार या वरच्या सभेकडे असतो. म्हणजे साताऱ्याच्या परंपरेत शेवटचा शब्द स्थानिक सभासदांचा आणि सांगलीच्या परंपरेत तो प्रेसबिटरीचा. १९२४ मध्ये हे दोन्ही प्रवाह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात मिळाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन परंपरेतील बिशपपदही या रचनेत आले. आज बहुसंख्य मंडळ्यांत पास्टरेट कमिटी, धर्मप्रांताची कौन्सिल आणि बिशप अशी उतरंड आहे. लोकांच्या मनातील अधिकाराची कल्पना मात्र अजून आजोबांच्या पंथाची असते. बंद करण्याचा प्रश्न निघाला की सातारकडील वृद्ध सभासद विचारतो, ‘आम्हाला न विचारता?’ सांगलीकडील विचारतो, ‘ठराव कोठे झाला?’ हे प्रश्न एक नव्हेत, आणि पाळकाला दोन्हींची उत्तरे तयार ठेवावी लागतात.

रोमन कॅथलिक धर्मग्रामांची व्यवस्था स्वतंत्र आहे. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात मोडतात आणि तेथे १९८३ ची धर्मसंहिता लागू आहे. तिच्या १२२२ व्या कलमानुसार एखादे मंदिर उपासनेस अयोग्य झाले आणि दुरुस्तीही शक्य नसली, तर बिशप ते लौकिक, परंतु अशोभनीय नसलेल्या, उपयोगासाठी मुक्त करू शकतात. अन्य गंभीर कारणे असतील तर त्यांना धर्मगुरूंच्या सल्लागार परिषदेचे मत घ्यावे लागते, त्या मंदिरावर ज्यांचा हक्क आहे त्यांची संमती लागते, आणि श्रद्धावंतांच्या आत्मिक हिताला बाधा येत नाही हेही पाहावे लागते. एवढी स्पष्टता प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या घटनांत असती तर अनेक वाद टळले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

बंद पडणे आणि बंद करणे

मराठीत या दोन क्रियापदांत जो फरक आहे, तोच या विषयाचा गाभा आहे. बंद पडणे ही आपोआप घडणारी गोष्ट आहे. बंद करणे हे कृत्य आहे. त्याला कर्ता असतो, दिवस असतो आणि जबाबदारीही असते.

महाबळेश्वरचे ख्राइस्ट चर्च १८४२ मध्ये बिशप कार यांच्या हस्ते अर्पण झाले. ही मंडळी हंगामी होती. उन्हाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम हलला की ती भरावयाची आणि पावसाळा लागला की पांगावयाची. १९२७ च्या इंडियन चर्च अ‍ॅक्टनंतर १९३० मध्ये भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून स्वतंत्र झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारी धर्मखातेही संपुष्टात आले आणि ज्यांच्यासाठी ते मंदिर उभारले होते ती माणसे समुद्रापार गेली. अशा ठिकाणी निरोप द्यावयाला कोणी शिल्लकच नसते. गिरिस्थाने आणि छावण्या येथील अनेक मंदिरांची कथा अशीच आहे, आणि ती हळहळ वाटण्याजोगी असली तरी पाळकीय दृष्ट्या तुलनेने सोपी आहे.

खेड्यांतील मंडळ्यांचे तसे नाही. तेथील उपासनेची खोली पुष्कळदा मिशनची शाळाही असे; आठवडाभर मुलांचे पाढे आणि रविवारी गीते. शाळा सरकारी व्यवस्थेत गेल्यावर शिक्षक गेला आणि शिक्षक हाच प्रचारक असल्यामुळे उपासना चालविणाराही गेला. शिकलेली पिढी मुंबई-पुण्याला निघून गेली. मिरजेत परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या मुली जेथे नोकरी मिळाली तेथे स्थायिक झाल्या. याला १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाची जोड मिळाली. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार ही ओळख आरंभी केवळ हिंदूंपुरती होती. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती झालेल्यांना मिळाली नाही. पूर्वीच्या अस्पृश्य जातींतून आलेल्या कुटुंबांना त्यामुळे कागदावरील धर्म आणि रविवारचा धर्म यांत निवड करण्याची पाळी आली. एखाद्या मंडळीची पटसंख्या का रोडावली, याचे उत्तर केवळ श्रद्धेच्या क्षीणतेत शोधणारा पाळक आपल्या माणसांवर अन्याय करतो.

अशी मंडळी बहुधा बंद पडते. ती कोणी बंद करीत नाही. पाळक महिन्यातून एकदा येतो, मग फक्त नाताळाला येतो, मग येत नाही. कौले फुटतात, एका पावसाळ्यात वासे कुजतात आणि किल्ली कोणाच्या तरी घरी खुंटीला राहते. यात कोणाचे मन दुखावले जात नाही, असा समज आहे. वस्तुतः येथेच दुखावणे सर्वांत खोल असते, कारण आपल्याला कोणी सोडून गेले हे मान्य करणारा एकही शब्द त्या लोकांच्या वाट्याला येत नाही.

‘मंडळी म्हणजे इमारत नव्हे’

हे वाक्य अशा प्रसंगी हमखास उच्चारले जाते. धर्मशास्त्रदृष्ट्या ते निर्विवाद आहे. शलमोनाने मंदिराच्या अर्पणप्रसंगीच परमेश्वर या घरात मावणार नाही असे मान्य केले होते, आणि विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशी झालेल्या येशूच्या संभाषणातही उपासना विशिष्ट डोंगराशी किंवा नगराशी बांधलेली नाही, असाच आशय आहे. तथापि हे सांत्वन फार लवकर दिले तर ते खोटे वाटते. ज्या उंबऱ्यावरून आईची शवपेटी गेली तो उंबरा केवळ दगड आहे, असे कोणाला सांगावयाचे असेल तर आधी त्याचे ऐकून घ्यावे लागते.

या संदर्भात साताऱ्याच्याच इतिहासातील एक प्रयोग विचारात घेण्यासारखा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन सातारा येथे वास्तव्य केले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ व्हावयाचा होता. पगार, इमारत, परकीय देणगी यांच्या आधारावाचून, संतपरंपरेशी नाते सांगणारी मंडळी मराठी मातीत उभी करावी, हा त्यामागील हेतू होता. मंडळी म्हणजे इमारत नव्हे हे तत्त्व महाराष्ट्रात इतक्या निष्ठेने आचरणात आणण्याचा प्रयत्न क्वचितच दुसऱ्या कोणी केला असेल. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्या मागे संस्था म्हणून तगला नाही. टिळकांची गीते आज मराठी मंडळ्यांतून दर रविवारी गायिली जातात. दरबाराची बैठक मात्र कोठे भरत नाही.

याचा अर्थ इमारत असती तर दरबार टिकला असता, असा नव्हे. परंतु जागा, नोंदवही, ठरलेला दिवस आणि जबाबदारी वाटून घेणारी चार माणसे यांपैकी काहीच नसेल, तर प्रतिभावंत गुरूची मंडळीही त्याच्या आयुष्यापुरतीच राहते, एवढे यावरून दिसते. म्हणून इमारत गेल्यावर मंडळी ‘घरोघरी’ चालू राहील असे आश्वासन देणाऱ्या पाळकाने कोणत्या घरी, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे त्याच वेळी सांगितले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर आश्वासन देऊ नये.

करोनाकाळाने याचा एक अनुभव सर्वांनाच दिला. मार्च २०२० मध्ये बंद झालेली महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून परत खुली झाली. १२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा रविवार लोकांनी घरातच पाळला. मोबाइलवरून उपासना ऐकता येते हे तेव्हा कळले. प्रभुभोजन, अंत्यविधी आणि म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी नुसते बसणे या गोष्टी मोबाइलवर होत नाहीत, हेही कळले. त्या बंदीला शेवट होता म्हणून ती सोसली गेली.

निर्णयापूर्वीचा काळ

मार्गदर्शनाचा खरा काळ निर्णयाच्या आधीचा असतो. बंद करावे लागेल अशी शंका पाळकाच्या मनात आल्यापासून ती लोकांसमोर मांडीपर्यंत बहुधा एक-दोन वर्षे जातात आणि तेवढ्यात अफवेने आपले काम केलेले असते. जागा बिल्डरला दिली, असे लोक म्हणू लागले की नंतरच्या कोणत्याही खुलाशाचा उपयोग होत नाही. म्हणून हिशेब आधी उघडे करावेत. वर्गणी किती जमते, पाळकाच्या वेतनाचा वाटा किती, छपराच्या दुरुस्तीचा अंदाज किती, हे आकडे फळ्यावर लिहून सभासदांना प्रश्न विचारू द्यावेत. हे करताना बंद करण्याखेरीज इतर मार्गही प्रामाणिकपणे तपासावेत. दोन मंडळ्यांनी एक पाळक ठेवणे, महिन्यातून दोनच उपासना घेणे, मोठी इमारत सोडून एका खोलीत भरणे, हे सर्व शक्य असते. लोकांना बंद करण्याची सूचना पटते ती दुसरे मार्ग आपण स्वतः करून पाहिल्यानंतरच.

सभेपूर्वी घरभेटी व्हाव्यात आणि त्या वयाने सर्वांत वडील असणाऱ्यांपासून सुरू व्हाव्यात. सभेत वृद्ध स्त्रिया सहसा बोलत नाहीत. घरी चहा ठेवता ठेवता त्या जे विचारतात तेच पुढे महत्त्वाचे ठरते. ‘माझी माती कोठे होणार?’ हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो, आणि तो मालमत्तेच्या किंवा अधिकाराच्या कोणत्याही प्रश्नाआधी सोडविला पाहिजे.

सभेत राग निघणारच. तो पाळकावर निघतो, धर्मप्रांतावर निघतो, नाताळालाच गावी येणाऱ्या पुणेकर नातलगांवर निघतो. स्तोत्रसंहितेत विलापगीतांची संख्या मोठी आहे, आणि बाबेलच्या नदीकाठी बसलेल्या निर्वासितांची व्यथा तिच्यात सौम्य न करता ठेवली आहे. मंडळीला त्या स्तोत्रांतून रडू द्यावे. उपदेशातील सकारात्मक मुद्दे नंतरच्या रविवारी मांडता येतात. निर्णय झाल्यावर मात्र तो ठरावाच्या रूपाने, कारणांसह, बाजूने व विरुद्ध पडलेल्या मतांसह इतिवृत्तात नोंदवावा. विरोधकांची मते गाळून ‘सर्वानुमते’ लिहिण्याची आपल्याकडील सवय येथे विशेष घातक ठरते.

शेवटची उपासना

मूर्ती हलवावयाची असेल तर हिंदू परंपरेत कलाकर्षणाचा विधी आहे. मूर्तीतील देवत्व कलशात आवाहन करून घेतात, मग मूर्ती हलवितात आणि नव्या जागी पुनःप्रतिष्ठा करतात. धरणात गाव गेले की ग्रामदैवत नव्या गावठाणात नेण्याची रीत कोयना खोऱ्याला अपरिचित नाही. काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन परंपरांत वास्तूत दैवी सान्निध्य वस्ती करते अशी कल्पना नसल्यामुळे, काढून घ्यावयाचे असे तत्त्वतः काही नसते. तेथे वास्तूचे समर्पण होते, आणि समर्पणाची फेड आभाराने होते. अँग्लिकन परंपरेत मात्र बिशपने अभिषेकलेली वास्तू बिशपच्या लेखी आज्ञेनेच लौकिक होते. विधी कोणताही असो, शेजाऱ्यांच्या आचारांत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला ‘काहीतरी बरोबर न्यावे’ अशी जी गरज वाटते, ती अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकू नये.

अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या १९९२ च्या उपासनाग्रंथात मंडळीचे विसर्जन आणि वास्तूची मुक्तता यांसाठी उपासनाक्रम दिलेले आहेत. आपल्याकडे यासाठी साधा क्रम पुरेसा आहे. त्या मंडळीत सेवा केलेल्या पाळकांची, प्रचारकांची, शिक्षकांची आणि बायबल-बायकांची नावे वाचावीत, तेथे बाप्तिस्मा झालेल्या हयात व्यक्तींना उभे राहावयास सांगावे, प्रभुभोजन व्हावे. त्यानंतर पुलपिटावरील बायबल, प्रभुभोजनाचा प्याला आणि बाप्तिस्म्याचे पात्र सभासदांनी हातात घेऊन बाहेर पडावे. दार शेवटी कोणी ओढावयाचे हे आधी ठरवावे. ते काम पाहुण्या बिशपांना न देता मंडळीतील सर्वांत वृद्ध सभासदाला द्यावे, असे माझे मत आहे. छायाचित्रकाराला मागे उभे करावे. ही उपासना रविवारी सकाळी, नेहमीच्या वेळी व्हावी. संध्याकाळचा ‘कार्यक्रम’ करू नये, कारण कार्यक्रमाला सत्कार येतात, सत्काराला हार येतात आणि मूळ प्रसंग हरवतो.

दप्तर, दफनभूमी आणि मालमत्ता

मंडळीची नोंदवही ही तिची सर्वांत मौल्यवान मालमत्ता होय. जन्म-मृत्यू नोंदणीचा एकत्रित कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वी खेड्यात जन्मलेल्या अनेकांच्या जन्मतारखेचा एकमेव लेखी आधार बाप्तिस्म्याच्या नोंदीत असतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाखाली झालेल्या लग्नांच्या नोंदवह्या वारसा, निवृत्तिवेतन आणि पारपत्र यांसाठी लागतात. म्हणून बंद होणाऱ्या मंडळीच्या सर्व नोंदवह्यांची यादी करून, प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन, मूळ प्रती धर्मप्रांताच्या कचेरीत पावतीनिशी द्याव्यात आणि त्या कोठे मिळतील हे प्रत्येक कुटुंबाला लेखी कळवावे. कपाट नदीकाठच्या तळमजल्यावर ठेवू नये, हे सांगलीत सांगावयाची गरज नसावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आणि प्रेसबिटेरियन मिशनची फिलाडेल्फियातील संग्रहालयात सुखरूप आहेत. मिशनऱ्यांची पत्रे तेथे वाचता येतात; येथील सभासदांची नावे मात्र येथल्याच वहीत आहेत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी हे प्रतिमांकन हाती घेतले तर दोघांचाही लाभ होईल.

दफनभूमी मंदिराबरोबर बंद होत नाही. तिची मालकी, कुंपण, पुढील दफनांचा हक्क आणि वार्षिक साफसफाईचा खर्च यांची स्वतंत्र तरतूद मंदिराविषयीच्या ठरावातच असावी. नगरपालिकेची जागा असेल तर नोंद तपासावी. वहिवाटीवर विसंबलेल्या भूमीवर दहा वर्षांत दुसऱ्याचीच वहिवाट होते.

मालमत्तेचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा, आणि बहुतेक भांडणांचे मूळ. जमीन कोणाच्या नावावर आहे हे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उताऱ्यावरून पाहावे. तेथे बहुधा जुन्या मिशनचे अथवा एखाद्या ट्रस्ट असोसिएशनचे नाव असते. संस्थानी काळात मिळालेली जमीन असेल तर मूळ सनदेत उपयोगाची अट आहे का, हेही पाहावे लागते. न्यास नोंदलेला असेल तर त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. त्याच्या ३६ व्या कलमानुसार विक्री, अदलाबदल, देणगी किंवा इमारतीचा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विश्वस्त वा मालमत्ता यांत बदल झाला तर २२ व्या कलमाखाली नव्वद दिवसांत बदल-अर्ज द्यावा लागतो. दोन न्यासांचे एकत्रीकरण ५०-अ कलमाच्या योजनेने होते. मूळ उद्दिष्ट अशक्य झाल्यास त्याच्या जवळच्या उद्दिष्टाकडे निधी वळविण्यासाठी ५५ वे कलम आहे. केवळ ठराव करून काहीही हस्तांतरित होत नाही. गुजरातमधील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांच्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये हेच स्पष्ट केले. १९७० च्या विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून पहिल्या न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडे आपोआप गेली नाही. त्यासाठी कायद्याने सांगितलेली प्रक्रिया व्हावयास हवी होती. हा निकाल आपल्याकडील मंडळ्यांनाही मार्गदर्शक आहे, कारण दोन्ही राज्यांतील कायद्याचा उगम एकच.

याशिवाय १९९१ चा प्रार्थनास्थळांविषयीचा कायदा आहे. त्याचे ३ रे कलम एका धर्माचे प्रार्थनास्थळ दुसऱ्या धर्माचे, किंवा त्याच धर्मातील दुसऱ्या पंथाचे, करण्यास मनाई करते. रिकामे झालेले मंदिर ‘कोणाच्या तरी उपासनेला द्यावे’ ही भावना उदार असली तरी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. इंग्लंडमध्ये १९६९ पासून यासाठी स्वतंत्र निधी असून आज त्याच्याकडे साडेतीनशेहून अधिक बंद चर्चवास्तू आहेत. नेदरलंड्समध्ये मास्ट्रिख्टच्या जुन्या डोमिनिकन चर्चमध्ये २००६ पासून पुस्तकांचे दुकान आहे. तेवढा पैसा आपल्याकडे नाही. परंतु बालवाडी, अभ्यासिका किंवा आरोग्यकेंद्र हे उपयोग मिशनच्या मूळ कार्याशी सुसंगत आहेत, आणि शेजाऱ्यांनाही ते चालतात.

नव्या मंडळीत

बंद झालेल्या मंडळीतील माणसे शहरातील मोठ्या मंडळीत जातील, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात काही जातात, काही घरगुती प्रार्थनासभांकडे वळतात आणि काही कोठेच जात नाहीत. शहरी मंडळी रुग्णालय, शाळा आणि सरकारी नोकरी यांच्या आधाराने वाढलेली असते. गावाकडच्या मंडळीत शेतमजूर असतात. एकीकडे ऑर्गनवरची इंग्रजी चालीची गीते, दुसरीकडे पेटी, टाळ आणि भजन. पूर्वजांची जात कोणी उच्चारीत नाही, तरी सोयरीक, बाकाची जागा आणि पंच निवडणे या वेळी ती आठवणीत असते. गावच्या माणसाला मागल्या बाकावर बसावे लागले तर चौथ्या रविवारी तो येत नाही. म्हणून स्वीकारणाऱ्या मंडळीचीही तयारी आधी करून घ्यावी. आलेल्यांतील एकाला पहिल्याच वर्षी पास्टरेट कमिटीवर घ्यावे, त्यांची वार्षिक जत्रा किंवा कापणीचा सण आपल्या वर्षक्रमात ठेवावा, आणि गावाहून आणलेले बाप्तिस्म्याचे पात्र शोभेसाठी काचेच्या कपाटात न ठेवता वापरात आणावे.

प्रत्येक कुटुंबाला सभासद-बदलीचे पत्र नावानिशी द्यावे आणि त्याची एक प्रत स्वीकारणाऱ्या पाळकाकडे पाठवावी. सहा महिन्यांनी व वर्षाने त्या यादीवरून पुन्हा घरभेटी व्हाव्यात. पाळकाची बदली मध्येच झाली तर यादी पुढच्याच्या हाती द्यावी. ज्यांची नावे पत्र मिळूनही कोणत्याच पटावर चढली नाहीत, त्यांच्याकडे आधी जावे.